दाब सोडण्याचे अधिकार

भांडार-समन्वय संचालनालयाच्या वार्षिक क्रीडा महोत्सवात, बॅडमिंटनच्या पहिल्याच फेरीत, समोरून शटल आलेले नसताना माझा उजवा गुडघा फिरला. मी उपसंचालक असल्याने तो गुण मलाच देण्यात आला. पुढे शस्त्रक्रिया झाली, पट्टा बसला, आणि पट्टा निघाला तेव्हा आतून निघालेला पाय माझाच आहे हे ओळखायला थोडा वेळ लागला. मांडी वाळून गेली होती. पत्नी मंजिरी म्हणाली, "अहो, हा तर तुमच्या शाळेतला पाय दिसून राहिला."

नवा रायपूरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर कर्मचारी स्वास्थ्य कक्ष आहे. नव्या राजधानीत खोल्या भरपूर आणि माणसे कमी. एका खोलीत काय ठेवावे ते कोणाला सुचेना, म्हणून तिथे स्वास्थ्य ठेवण्यात आले. पद्मजा ठवकर नावाची कंत्राटी फिजिओथेरपिस्ट ते सांभाळत असे. मुलगी रायपूरचीच. मराठीत सुरू करायची आणि अडली की हिंदीत जायची.

"सर, जड वजन तुम्हाला इतक्यात चालणार नाही," ती म्हणाली. "पण मांडीला पट्टा बांधून रक्त थोडं अडवलं आणि हलकंच वजन उचललं, तर स्नायूला वाटतं की भारी काम चालू आहे. ताकद येते."

"म्हणजे स्नायूची दिशाभूल."

"हव सर. थोडीशी."

मला हे तत्त्व तत्काळ पटले. हलके काम जड भासवण्याचा आमच्या संचालनालयाला दीर्घ अनुभव होता.

तिने मला आडवे केले, मांडीला रुंद पट्टा गुंडाळला आणि घोट्यावर पेन्सिलीसारखी एक नळी टेकवली. शेजारच्या डबीतून फुश्श-फुश्श आवाज येऊ लागला. "ये आपकी नब्ज़ है." मग तिने पट्ट्यात हवा भरत नेली. आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, थांबला. "एकशे अडुसष्ट. इथे तुमचं रक्त पूर्ण बंद. म्हणून व्यायाम याच्या निम्म्यावर करायचा, चौऱ्याऐंशीवर. त्याच्यावर नाही."

इथवर माझी काही तक्रार नव्हती. तक्रार शेजारच्या खाटेवर पडली होती. माझ्याच शाखेचे अधीक्षक बाबाराव, माझ्याहून दोन पायऱ्या खाली, आपला गुडघा घेऊन आले होते. त्यांचा आवाज दोनशे दहाला थांबला.

"बाबारावांना दोनशे दहा?" मी उठून बसलो.

"त्यांची मांडी जाड आहे सर, रक्तदाबही वर आहे. दाब जास्त लागतो. हे मार्क नाहीत."

"साहेब, माह्या हातात काय हाय?" बाबाराव विनयाने म्हणाले. "मांडी खानदानी हाय."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॅन्टीनला कळले होते की बाबाराव दोनशेच्या वर आहेत. माझा आकडा कोणी विचारला नाही, तो सगळ्यांना माहीत होता.

घरी मी हा प्रकार मंजिरीला सांगितला. ती भेंडी चिरत होती. "पण दाब जास्त असला तर चांगलं, की वाईट?"

"तो मुद्दा नाही."

"मंग मुद्दा काय हाय?"

मी वर्तमानपत्र घेऊन दुसऱ्या खोलीत गेलो.

दुसऱ्या दिवशी टिप्पणी सादर केली: 'दाबनिश्चितीत एकसूत्रतेचा अभाव असून, कनिष्ठांस वरिष्ठांहून अधिक दाब मिळत असल्याने प्रशासकीय शिस्तीस बाधा पोहोचण्याची शक्यता नाकारता येत नाही.' संचालक साहेबांनी ती दोनदा वाचली. "देवपुजारी जी, बात तो गंभीर है. कल को चपरासी का मुझसे ज़्यादा निकल आया तो?"

समिती नेमली गेली. मी सदस्य-सचिव. पद्मजाला विशेष निमंत्रित म्हणून बोलावले. म्हणजे तिला चहा होता, मत नव्हते. तरी ती बोलली. "सर, पाय पगार बघून जाड होत नाही. प्रत्येकाचं वेगळं मोजावंच लागतं, आणि मांडी भरली की पुन्हा मोजावं लागतं." विशेष निमंत्रितांनी मोजमापाचे महत्त्व विशद केल्याची नोंद घेऊन समितीने मोजमाप बंद केले. चतुर्थ श्रेणीस साठ, तृतीय श्रेणीस शंभर, द्वितीय श्रेणीस दीडशे आणि प्रथम श्रेणीस दोनशे असा दाब मंजूर झाला. संचालक साहेबांना दोनशे साठ देण्यात आला. ते व्यायाम करत नसत, पण पदाचा मान राखायला हवा होता. घोट्यावरची नळी मात्र राहिली तर कोणीतरी मोजेल आणि तक्त्याविषयी संशय निर्माण होईल, म्हणून ती आमच्याच भांडारात जमा केली. आमच्या भांडारात गेलेली वस्तू सुरक्षित असते. ती कोणालाही सापडत नाही.

यानंतर कर्मचारी संघटना रस्त्यावर आली. आयुष्यभर 'वरून दाब येतो' म्हणून रडणारी माणसे फाटकापाशी घोषणा देऊ लागली, 'दाबवाढ झालीच पाहिजे!' तृतीय श्रेणीला वीस वाढवून मिळाले, तेही मागील तारखेपासून. मागचा थकलेला दाब एकदम द्यावा की हप्त्यांनी, यावर वित्त शाखेचा अभिप्राय आजही प्रलंबित आहे.

पद्मजा आपले काम करत होती. मोजायला साधन उरले नव्हते, म्हणून बोटांनी घोट्याची नाडी बघायची, "सुन्न तो नहीं हो रहा ना?" असे दर मिनिटाला विचारायची, आणि यंत्राचा आकडा पलीकडे वळवून ठेवायची. मला ती गुपचूप चौऱ्याऐंशीच देत होती, हे मागाहून कळले. मांडी भरत होती. मी श्रेय तक्त्याला देत होतो.

मग स्वास्थ्य दिन आला. बाहेरून पाहुणे यायचे होते आणि प्रथम श्रेणीच्या दाबाचे जाहीर प्रात्यक्षिक व्हावे अशी साहेबांची इच्छा होती. मी मंचावर खुर्चीत बसलो. पायाला हलके वजन, मांडीला पट्टा, मागे पडद्यावर मोठा आकडा. पद्मजा वाकून कुजबुजली, "सर, तुमचं रक्त एकशे अडुसष्टला बंद होतं. मत करिए."

मी समोर बघितले. पहिल्या रांगेत बाबाराव बसले होते आणि पडद्याकडे बघत होते.

"दोनशे," मी म्हणालो. तिने हात मागे घेतला, तेव्हा यंत्राचे बटण मीच दाबले. तिला मंचावरून खाली बसवण्यात आले.

टाळ्या पडल्या. मी पाय हलवला, फोटो निघाले, आणि पाहुणे भाषणाला उभे राहिले. विषय होता 'विकासाचा प्रवाह'. हा प्रवाह कोणत्याही परिस्थितीत थांबता कामा नये असे ते तळमळीने सांगत होते. माझ्या पायाला आधी मुंग्या आल्या, मग कळा आल्या, मग पाऊल जांभळे झाले. मग दुखणे थांबले, आणि तेव्हा मी खरा घाबरलो. हवा सोडायची कशी ते मला ठाऊक नव्हते, म्हणून बाबारावांना खूण केली. ते वाकत वाकत मंचामागून आले.

"दुखून राहिलं काय साहेब?"

"सोडा हे. आत्ता सोडा."

त्यांनी खिशातून समितीच्या तक्त्याचे परिपत्रक काढले आणि चष्मा लावला. "साहेब, यात दाब देण्याचे अधिकार हायेत. सोडण्याचे कोणालेच नाहीत. मसुदा तुमचाच हाय." ते संचालक साहेबांकडे गेले आणि परत आले. "साहेब म्हणतात, फाइल चलाओ."

तेवढ्यात पद्मजा मंचावर चढली आणि कोणाला काही न विचारता तिने पट्ट्याची हवेची नळी उपटली. पट्ट्यातली हवा माझ्यासमोरच्या माइकमध्ये फुस्स करून निघाली आणि सभागृहभर घुमली. नेमके त्याच वेळी पाहुणे राज्याच्या प्रगतीचा वेग सांगत होते.

"सर, पायाचा पंजा वर उचला," ती म्हणाली.

मी उचलला. म्हणजे मला वाटले की उचलला. पंजा तसाच लोंबत होता.

पुढचे कित्येक दिवस मी दवाखान्यातल्या पलंगावरून त्या पंजाकडे बघत होतो. मंजिरी उशाशी बसून असायची. पद्मजा काम सुटले की यायची आणि त्या मेलेल्या पावलाशी अर्धा तास खटपट करायची. एका संध्याकाळी अंगठा किंचित हलला. माझे डोळे भरून आले. रायपुरात उकाडा फार आहे, असे मी दोघींना सांगितले.

त्याच आठवड्यात तिच्यावर चौकशी बसली. आरोप, विनामंजुरी दाबमुक्ती आणि पाहुण्यांचा आवाजी अवमान. माझ्या जबाबाचा मसुदा बाबाराव तयार करूनच घेऊन आले. "फक्त सही पायजे साहेब."

मंजिरीने तो वाचला. "पाय तिनं वाचवला, अन् सही तिच्याच विरोधात? मले समजावून सांगा, काहून?"

मी सही केली नाही. हे धैर्य म्हणून सांगत नाही. सही न करता मी वैद्यकीय रजा वाढवून घेतली, आणि माझ्या सहीवाचून फाइल पुढे गेली. पद्मजाचे कंत्राट संपवण्यात आले. चौकशी अहवालात तक्ता निर्दोष ठरला. 'संबंधित अधिकाऱ्याचा पाय त्याच्या श्रेणीस अनुरूप आढळला नाही,' अशी माझ्याबद्दल नोंद झाली.

आता रायपूरच्या पंडरी बाजारात एका कापडाच्या दुकानाच्या वर तिने दोन खाटांचा दवाखाना थाटला आहे. मी काठी टेकत जिना चढून जातो. नव्या नळीने ती मोजते, निम्मे करते, वजन लावते. एकदा मी म्हणालो, "तुमच्यावर अन्याय झाला." ती आकड्यावरची नजर न काढता म्हणाली, "सर, पाय सरळ ठेवा."

दरम्यान योजना यशस्वी ठरल्याने ती सर्वसामान्य नागरिकांना लागू झाली आहे. पट्टा मोफत, दाब शिधापत्रिकेच्या रंगानुसार. दाब सोडण्याचे कलम या वेळी मी आवर्जून घातले. त्यासाठी सात दिवस आधी अर्ज करायचा आहे. विरोध होईल अशी मला आशा होती. प्रत्यक्षात अर्जांचा ढीग लागला. मोजणार कसे, हे एकाही अर्जदाराने विचारलेले नाही. वरच्या रंगात घ्या, एवढीच सर्वांची मागणी आहे.

तुमचाही अर्ज मिळाला. शिफारसपत्र वजनदार आहे, काम होऊन जाईल. मांडीच्या मापाची जागा तुम्ही कोरी सोडली आहे, पण त्याने काही अडत नाही.