एक्केचाळिसावा भोपळा

एका जंगलात, मुलांनो, पुष्कळ तज्ज्ञ राहत असत. अधूनमधून प्राणीही राहत.

त्यातलाच एक भुंजाजी. म्हातारं अस्वल. त्याची बायको गोदाक्का. भुंजाजीला मधाचं भारी वेड. एकदा घाईघाईत त्याने अख्खं पोळं माश्यांसकट गिळलं. माश्यांनी खाली उतरता उतरता आपलं काम चोख बजावलं. घसा आतून सुजला. पुढे सूज गेली, पण घसा आवळून बसला. इतका, की उंबराचं एक फळही खाली जाईना.

हसू नका. तुम्ही श्रीखंड कसं खाता ते मी पाहिलं आहे.

गोदाक्का त्याच्या जिभेवर मधाच्या पाण्याचे थेंब सोडायची. दहा सोडले की दोन आत जात, आठ हनुवटीवरून खाली येत. भुंजाजी वाळत चालला. दुसऱ्या कोणाची तरी घोंगडी पांघरल्यासारखी कातडी त्याच्या अंगावर लोंबू लागली.

तोंडाचा रस्ता बंद झाला, तर पोटाला दुसरा रस्ता काढायचा, एवढं त्या जंगलात सगळ्यांना ठाऊक होतं. पोटाला बाहेरून भोक पाडायचं, त्यात पपईच्या पानाचा पोकळ देठ बसवायचा आणि त्या नळीतून अन्न घालायचं. नशीब असं, की हे काम जाणणारे तिथे एक सोडून दोन डॉक्टर होते.

एक डॉक्टर टोचे. हे सुतारपक्षी. ते चोचीने पोटाला खिडकी पाडत, आत डोकावून नीट बघत, नळी बसवत आणि वेलीच्या धाग्याने शिवून टाकत. दुसरे डॉक्टर उलटे. हे वटवाघूळ. ते कापत नसत. पोटावर एक बारीक आवाज सोडत, परत आलेला आवाज कान देऊन ऐकत, आणि आतलं सगळं चित्र त्यांच्यापुढे उभं राही. मग साळिंदराचा काटा नेमक्या जागी टोचायचा आणि तिथून नळी आत सरकवायची.

दोघंही हुशार होते. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, खरंच होते. दोघांपैकी कोणीही एकाने त्याच दिवशी हात लावला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही जेवायला गेला असता.

पण त्या जंगलाचा एक नियम होता. एका कामाच्या दोन रीती असल्या, तर आधी त्यांची तुलना करायची, मग काम. त्यासाठी एक तुलना मंडळ होतं. अध्यक्ष कासवराव. त्यांनी घाईत चूक केल्याचं कोणालाच आठवत नव्हतं.

मंडळाची सभा रोज तिन्हीसांजेला भरे. कारण डॉक्टर टोचे रात्री झोपत, डॉक्टर उलटे दिवसा. दोघं एकत्र जागे असत ते तेवढा वेळ.

"मी आत डोळ्यांनी बघतो," टोचे म्हणत. "हे महाशय नुसत्या आवाजावर भोसकतात."

"मी न कापता बघतो," उलटे फांदीला लटकून म्हणत. "हे महाशय बघायला म्हणून भगदाड पाडतात."

एवढं होईतो अंधार पडे आणि टोचे पेंगू लागत. सभा तहकूब.

पाचव्या दिवशी कडेला बसलेल्या गोदाक्काने विचारलं, "अध्यक्षसाहेब, आमच्या ह्यांना यातलं कोणतं बरं?"

"बाई, तेच तर शोधतोय आम्ही."

"शोधा की. पण तोवर एक कुठली तरी नळी बसवा."

"एका अस्वलावर तुलना होत नाही हो," कासवराव समजुतीने म्हणाले. "दोन्हीकडे वीस वीस तरी रुग्ण हवेत. घसा आवळलेली आणखी एकोणचाळीस अस्वलं आहेत का तुमच्या ओळखीत?"

गोदाक्काने भाबडेपणाने ओळखीतले सगळे आठवून पाहिले. नव्हते.

मग मंडळाने भोपळे आणवले. मोजून चाळीस. चिठ्ठ्या टाकून वीस टोच्यांना दिले, वीस उलट्यांना. प्रथेप्रमाणे भोपळ्यांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवण्यात आलं. पंधरा दिवस काम चाललं. टोच्यांच्या नळ्या घट्ट बसल्या, पण भोपळे फार चिरले गेले. उलट्यांची भोकं नाजूक होती, पण नळ्या बारीक, त्या तुंबत आणि निसटत. वेदना झाल्या का, असं प्रत्येक भोपळ्याला विचारलं गेलं. कोणीही तक्रार केली नाही.

निष्कर्ष निघाला : दोन्ही रीती साधारण सारख्याच.

मंडळ हिरमुसलं. एवढ्या कष्टानंतर सारखेपणा हाती यावा, हे कोणाला आवडेल? कासवराव म्हणाले, "आणखी चाळीस भोपळे मागवू."

त्याच दिवशी भुंजाजीला मान उचलवेना. थेंबही गालावरून ओघळू लागले. गोदाक्काने त्याला पाठीवर घेतलं, आणि तो इतक्या सहज उचलला गेला की तिला तिथेच रडू फुटलं. तशीच रडत ती सभेत आली. भोपळ्यांच्या रांगेत जागा करून तिने नवऱ्याला निजवलं.

"हा एक्केचाळिसावा भोपळा समजा," ती म्हणाली. "आणि भोसका एकदाचं."

सभेत गडबड उडाली. अस्वलाबद्दल कोणाची हरकत नव्हती. हरकत आकड्याची होती. एक्केचाळिसावा कोणाच्या बाजूला धरायचा? एकीकडे वीस आणि एकीकडे एकवीस झाले, तर तुलनेचा तोल जाणार! शेवटी कासवरावांनी तोडगा काढला. अर्धं अस्वल टोच्यांचं, अर्धं उलट्यांचं.

डावीकडून टोच्यांनी नळी बसवली, उजवीकडून उलट्यांनी. दोन्ही नळ्या सुरेख बसल्या. सगळं मिळून टोच्यांना पेंग यायच्या आत आटोपलं.

"आता यात घालू काय?" गोदाक्काने विचारलं.

डॉक्टर टोच्यांनी डॉक्टर उलट्यांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. "ते आमच्या विषयात येत नाही."

"त्यासाठी वेगळं मंडळ नेमू," कासवराव म्हणाले.

"नका!" गोदाक्का ओरडली, आणि नवऱ्याला घेऊन निघाली.

तिने उंबरं कुस्करून घातली. बियांनी नळी तुंबली. ती तिने तोंडाने ओढून मोकळी केली. मग मोहाची फुलं भिजवून वाटली. ती चिकटली. पुन्हा नळी मोकळी केली. शेवटी सुगरणीने सोडून दिलेला एक खोपा शोधून आणला, त्यातून मोहाचं पाणी गाळलं, उन्हात तापलेल्या दगडावर कोमट केलं आणि हळूहळू आत सोडलं. ते गेलं. ती दिवसातून सहा वेळा हे करायची. भुंजाजीची मान पहिल्यांदा उचलली गेली, मग पाय हलले, मग कुरकुर सुरू झाली. कुरकुर ऐकून तिला देव भेटल्यासारखं झालं.

महिन्याने मंडळ पाहणीला आलं. भुंजाजी गुबगुबीत झालेला पाहून दोन्ही डॉक्टर छाती काढून उभे राहिले. म्हणजे टोचे उभे राहिले, उलटे लटकले.

"कोणत्या नळीने हा गुण आला?" कासवरावांनी विचारलं.

"हे ज्या कुशीवर निजतील, त्याच्या उलट, वर राहिलेल्या अंगाच्या नळीने," गोदाक्का गाळता गाळता म्हणाली.

"रोज एकाच कुशीवर का नाही निजवलंत?"

"अंग अवघडतं हो त्यांचं."

कासवरावांनी कपाळाला हात लावला. सगळी तुलना नासली होती.

"अगं," भुंजाजी घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आज थोडा मध घाल की."

"जीभ वर राहिली, नळी खाली. चव कुठली कळायची तुम्हाला?"

"घाल तर खरं."

तिने घातला. भुंजाजीने डोळे मिटले. "गोड आहे," तो म्हणाला. हे खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं. तरी गोदाक्काने आणखी थोडा घातला.

मंडळाचा अहवाल त्याच आठवड्यात आला. त्यात दोन्ही डॉक्टरांचा गौरव होता. शेवटी एक ओळ होती : 'पुढील तुलनेच्या वेळी रुग्णाच्या बायकोला दूर ठेवावे.'

तात्पर्य : मुलांनो, शिकून मोठे व्हा आणि पोटात नळी कशी घालायची यावर खूप वाद घाला. नळीत काय घालायचं, हे विचारणारी बाई कडेला बसलेली असेलच. तिच्याकडे लक्ष देऊ नका. रुग्ण जगला, तर तुमची तुलना बिघडेल.