दोन कोसांवर थांबणारी मोटार

"आधी वास, मग तपास, अन् मग पाना. लिहून घे."

आमच्या यांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मोटार बंद पडली की खाली उतरायचं, कोटाची बटणं लावायची, अन् पहिलं वाक्य हे. मी पिशवीतून वही काढायची अन् लिहून घ्यायची. स्वतःची ओळख ते अशी करून देत: "सबंध उस्मानाबाद जिल्ह्यात मुजरिमाच्या मनात शिरणारा इसम एकच, अन् मोटारीच्या पोटात शिरणाराही तोच." यातला दुसरा भाग खरा होता. महिन्यातले चार दिवस आम्हाला त्यांचे नुसते पायच दिसायचे.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. लोहाऱ्यात सगळे त्यांना नागप्पाण्णा म्हणत. अदालतीत ते नक्कलनवीस होते. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी दिलेले निकाल वळणदार उर्दूत उतरवून काढले, अन् उतरवता उतरवता हे सगळं आपल्यालाच उलगडलं असं त्यांना वाटू लागलं. एवढ्या शिदोरीवर माणूस वैद्य झाला असता तर गावाचं काही खरं नव्हतं. गुप्तहेर झाले, म्हणून निभावलं.

मोटार एका जहागीरदाराच्या लिलावातून आलेली. रंग कोणता होता ते सांगणारं माणूस हयात नव्हतं. तिची पेट्रोलची टाकी काचेच्या पुढं होती अन् टाकीचं पितळी टोपण अगदी मध्यावर. माझ्या सासूबाई मल्लम्मा यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, हे हिचं कपाळ. त्या गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं. रोज लिंगपूजा झाली की माझ्या कपाळी, मग तिच्या कपाळी ओली विभूती. सोमवारी जरा दाट. हे म्हणत, "चाकांनाही लावत जा." मी म्हणे, "पायाला कुणी विभूती लावतं का?" यावर ते फडकं घेऊन चाकंच पुसू लागत, कारण हा मुद्दा कुठल्याच निकालात आलेला नव्हता.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळायचं. अशात एका मंगळवारी भूमहून आमचे व्याही कल्याणप्पा यांचं पत्र आलं. आमच्या लेकीला, महादेवीला, सातवा महिना चालू होता. "येत्या सोमवारी आठवा लागतो. आठव्यात आम्ही सून घराबाहेर काढत नाही. रविवारपर्यंत येऊन न्यावी. परंतु आपली मोटार वाटेत थांबते असं ऐकतो. थांबणारी असेल तर येऊ नये. बाळंतपण इथंच होईल." खाली कोपऱ्यात पोरीचं अक्षर होतं: "आप्पा, तुम्ही शब्द दिलाय."

पहिल्या खेपेला आमचं जाणं लांबलं होतं. बैलगाडी मिळेना, मग पाऊस, मग आठवा लागला. ती तिथंच राहिली. जवळ मी नव्हते. ते मूल पाळण्यापर्यंत आलं नाही. आमच्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. हे तर मुळीच नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मोटार घेतली, एवढंच.

अन् ती मोटार महिनाभर दोन कोसांवर थांबत होती. गावातून निघाली की छान पळायची, पिराच्या दर्ग्याजवळची बाभळ आली की आचके देऊन बंद. दोन कोसांचा हिशेब धरला तर भूम येईस्तोवर वीस वेळा थांबायचं. गावातल्या बाया भानामती म्हणत. हे म्हणाले, "भानामती अडाण्यांसाठी. यात माणसाचा हात आहे."

हात त्यांनी बुधवारीच शोधला. शिवलिंग दमणीवाला. मोटार आल्यापासून त्याची बैलांची दमणी लग्नसराईला कुणी मागत नव्हतं, म्हणजे कारण सापडलं. बाभळीखाली मोटार बंद पडलेली, शिवलिंग बैल घेऊन समोर उभा. तपास तिथंच सुरू झाला.

"काल दिवस मावळताना तू कुठं होतास?"

"हितंच. तुमची मोटार वडत हुतो."

"म्हणजे गुन्ह्याच्या जागी हजर होतास!"

"तुमीच बलावलं नव्हं, आण्णा?"

"मुजरिम आवाज चढवतो," हे मला म्हणाले. "लिही."

शिवलिंगाच्या खिशात तंबाखू अन् चुन्याची डबी निघाली. चुना! पेट्रोलमध्ये चुना कालवला असणार. नियमाप्रमाणं आधी वास. यांनी टोपण फिरवलं, 'स्स' असा आवाज आला, यांनी नाक लावलं. चुन्याचा वास काही आला नाही. तरी हँडल मारलं, अन् मोटार चालू झाली.

"पाहिलंस? मुजरिम पकडला गेला हे कळताच तिची भीती गेली."

मी वहीत सगळं उतरवलं. यांनी वाचून पाहिलं अन् एका ओळीवर बोट ठेवलं. "'टोपण काढताना स्स आवाज.' हे कशाला? तपासात फालतू गोष्टी घ्यायच्या नसतात." मी ती ओळ खोडली. माझा आवाज लहान आहे, अक्षरही तसंच. खोडायला फार शिसं लागलं नाही.

गुरुवारी शिवलिंग दिवसभर दुसऱ्या गावी लग्नाला होता. मोटार बाभळीपाशी थांबली.

"हं. मग फितुरी आतली आहे," हे म्हणाले. इंजिनात चार प्लग. चारांपैकी एक फितूर. टोपण काढून वास घेतला, स्स, अन् मग चारही प्लग काढून ओळीनं फडक्यावर मांडले. प्रत्येकाची वेगळी जबानी झाली. तिसरा प्लग जरा काळा होता, तो नजरेला नजर देईना. त्याला बडतर्फ करून नवा बसवला. मोटार चालू. घरी येईपर्यंत हे शीळ घालत होते, अन् मला देवाची लाज वाटत होती, कारण माझा उपास असूनही मला हसू येत होतं.

शुक्रवारी नव्या प्लगासकट मोटार बाभळीपाशी थांबली.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी विचारलं, "रविवारी काय करायचं?" ते म्हणाले, "जागेचा दोष दिसतो. उद्या माकणीच्या रस्त्यानं नेऊन बघू." मग बराच वेळ ते पत्र हातात धरून बसले. वाचत नव्हते.

शनिवारी सकाळी माकणीच्या वाटेला लागलो. वेशीपाशी हरणाबाई तेलीण भेटली. घरोघर तेल घालणारी, साठीची, तोंडानं फटकळ. तेलाचा डबा डोक्यावर घेऊन माकणीच्या बाजाराला निघाली होती. "घ्या की मला बी, आण्णा. बंद पडली तर ढकलाया माणूस हुईल." हिनं निदान शुभ तरी बोलावं, असं मला वाटलं. यांनी तिला साक्षीदार म्हणून घेतलं.

दोन कोस झाले. ना बाभळ, ना दर्गा, ना शिवलिंग. मोटारीनं आचके दिले अन् ती थांबली.

हे खाली उतरले. कोटाची बटणं लावायची विसरले. पहिल्यांदाच. टोपणाला हात घालून फिरवलं. स्स.

"आता गं बया," हरणाबाई म्हणाली. "ह्यो आवाज कशाचा?"

"उसासा," हे म्हणाले. "मोटार दुःखी आहे."

"दुःखी कशाची? तिचा जीव गुदमरलाय. आण्णा, हिकडं बगा." तिनं आपला तेलाचा डबा मांडीवर घेतला. त्याला वर दोन भोकं होती, एका कडेला एक अन् दुसऱ्या कडेला एक. एका भोकावर बोट दाबून तिनं डबा कलता केला. दुसऱ्यातून दोन थेंब पडले अन् धार थांबली. बोट काढलं, धार सुरू. "हवा आत गेल्याबिगर तेल भाईर येतंय व्हय? तुमच्या टाकीला हवेचं भोक कुठंय?"

यांनी टोपण उलटंपालटं केलं. आतल्या बाजूला, बरोब्बर मध्यावर, एक बारीक भोक होतं. वरच्या बाजूला ते दिसत नव्हतं. म्हणजे आम्ही वास घ्यायला टोपण उघडत होतो, तेव्हाच हवा आत जात होती अन् मोटार चालू होत होती. चुना, प्लग, बाभळ यांचा काही संबंध नव्हता.

हरणाबाईनं कुंपणाचा काटा मोडून घेतला अन् टोपण वरून टोकरलं. पांढऱ्या खपल्या निघू लागल्या. यांचे डोळे चमकले.

"पांढरी पूड! लिही. थरावर थर आहेत, म्हणजे मुजरिम रोज येत होता. कुणी हटकलं नाही, म्हणजे घरातलाच. मोटार निघायच्या आधी उरकतो, म्हणजे पहाटे उठणारा. वागण्यात अत्यंत नेमाचा. मधूनच एक थर जाड आहे, म्हणजे आठवड्यातून एकदा..."

बोलता बोलता त्यांनी मान वर केली अन् माझ्या कपाळाकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं प्रत्येक अनुमान बरोबर आलं होतं.

हरणाबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. माझ्या हातातली पेन्सिल पुढं सरकेना. "माझ्याच हातून झालं," मी म्हटलं. "पोरीला आणायची वाट मीच बुजवत होते."

यांनी टोपण फडक्यानं पुसून जागेवर बसवलं. मग म्हणाले, "सबूत अपुरा आहे."

"अपुरा कसा?" हरणाबाई म्हणाली. "मूठभर निघाला की!"

"हेतू सिद्ध होत नाही," हे म्हणाले. "मुजरिम बाइज्जत बरी, म्हणजे निर्दोष. वही मिट."

माकणीपर्यंत मोटार एकदाही थांबली नाही. येतानाही नाही. मध्येच हरणाबाई म्हणाली होती, "पोरगी आली की सांगा, बाळंतिणीचं तेल मी काढून दीन." यांनी मान डोलावली. एरवी त्यावर अर्धा तास बोलले असते.

रविवारी मी पूजेवरून उठले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. अंगणात गेले तर यांनी घरातली सगळ्यांत मऊ गादी काढून मोटारीच्या मागच्या बाकावर दुमडून घातली होती. तिच्यावर ते स्वतः बसून पाहत होते. उठले, गादीखाली आणखी एक वाकळ सरकवली, पुन्हा बसून पाहिलं. रेडिएटरात पाणी घातलं. पाण्याच्या दोन घागरी भरून पुढं ठेवल्या, भाकरीचं गाठोडं माझ्या हातातून घेतलं.

"सांभाळून," मी म्हटलं.

"हूं," ते म्हणाले.

हँडल मारलं. शेजारी झोपले होते म्हणून भोंगा वाजवला नाही. अन् महादेवी आधीच मागं बसलेली असावी तसे, प्रत्येक खड्डा चुकवत, ते भूमच्या रस्त्याला लागले.