बाथरूममधला वर्ल्ड कप

वर्ल्ड कपच्या फायनलला अण्णांनी बाथरूममध्ये जायला साफ नकार दिला आणि घरातल्या सगळ्यांची तोंडं पडली.

क्रिकेटच्या पुस्तकांत वर्ल्ड कपचा इतिहास काहीही असो, या घरातला इतिहास वेगळा होता. पहिली फायनल आपण जिंकलो तेव्हा अण्णा पोट बिघडून बाथरूममध्ये होते. पुढच्या फायनलला ते टीव्हीसमोर मांडी ठोकून बसले आणि आपण सपशेल आपटलो. तेव्हापासून फायनल आली की अण्णांची रवानगी आत, स्टुलावर. बायको होती तोवर दाराला तोंड लावून एकेक बॉल सांगायची. ती गेली आणि तेही संपलं. त्यानंतर कधी हरलोच, तर अण्णा आत खोकले होते असं निघायचं.

"डॉक्टर म्हणतात, डोळे आता फार दिवस साथ देणार नाहीत," अण्णा म्हणाले. "एकदा तरी कप उचलताना बघू दे रे."

"बघा," मुलगा म्हणाला. "पण हरलो तर मला बोलायला लावू नका."

पाठलागाच्या पहिल्याच ओव्हरला आपली विकेट गेली. पाठोपाठ आणखी दोन गेल्या. सून नुसती बाथरूमकडे बघत राहिली. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठणार, तेवढ्यात मॅच बघायला आलेले जावई घाईघाईने आत गेले आणि इकडे सिक्स बसला. मग चौकार, पुन्हा सिक्स. थोड्या वेळाने आतून दार वाजू लागलं.

"अण्णा, कडी अडकली!"

जन्मभर लोकांची कुलपं उघडून देणाऱ्या अण्णांनी घरची ही कडी बदलायचं मात्र वर्षानुवर्षं उद्यावर ढकललं होतं. ते हत्यारांची पेटी घेऊन उठले, तसा मुलाने हात धरला.

"हात लावायचा नाही! आत्ता कुठे जम बसलाय."

"अरे, जावई आहे आपला!"

"घरचेच आहेत ना? मग थांबतील."

अण्णा पेटी मांडीवर घेऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते फायनल बघत असताना आपण जिंकत होतो. पण मन लागेना.

"निदान स्कोर तरी सांगा हो कोणीतरी!" आतून केविलवाणा आवाज आला. कोणी मानही वळवली नाही.

बायको गेल्यापासून दर फायनलला अण्णा आतून हेच ओरडत आले होते.

दारापासून टीव्ही दिसत नव्हता. शेवटच्या ओव्हरला अण्णा एक बॉल बघायचे आणि पाय ओढत जाऊन दाराशी सांगायचे.

"चौकार बसला जावईबापू! काय मारलाय म्हणून सांगू! आता तीनच रन..."

त्यांचं वाक्य संपायच्या आत हॉलमध्ये एकच गलका उठला.

"काय झालं, अण्णा?"

"जिंकलो वाटतं," अण्णा म्हणाले आणि कडी सोडवायला बसले.

दार उघडून दोघं हॉलमध्ये पोचले, तोवर कप उचलून झाला होता. मुलाने अण्णांना मिठीच मारली.

"आता ठरलं! दर फायनलला जावई आत आणि तुम्ही दाराशी. डोळ्यांची काळजी सोडा अण्णा, तिथे उभं राहायला डोळे लागतच नाहीत!"

सगळे हसले. जावई हसले नाहीत. त्यांनी बाथरूममधलं स्टूल आणून टीव्हीसमोर ठेवलं.

"बसा अण्णा. परत दाखवतील."

टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या. अण्णा बसले आणि त्या जाहिरातीच डोळे फाडून बघत राहिले.