तांदळाने मोजलेला भाऊ

दामूभाऊ साव्यांनी मला खोली भाड्याने देण्याआधी माझं नाक मोजलं. तेही तांदळाने.

मी साताऱ्याकडचा ड्राफ्ट्समन. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं आणि आमच्यासारखे परगावचे लोक आसपासच्या गावांत खोल्या शोधत हिंडत होते. चिंचणीत दामूभाऊंच्या घरी एक खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून गेलो. साठीचा, उघडाबंब, कमरेला आखूड पंचा लावलेला माणूस ओटीवर बसला होता. मी तोंड उघडण्याआधीच त्याने मला अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभं राहायला सांगितलं. मग तपकिरीच्या डबीतून तांदळाचा एक दाणा काढला, हात लांब केला आणि एक डोळा मिटून तो दाणा माझ्या नाकाशी जुळवला.

"पाऊण तांदूळ," तो म्हणाला. "चालेल. ऱ्हा तू."

दामूभाऊंची पानवेलीची वाडी होती. वेल चढवायला पांगारे लावतात, आणि पांगाऱ्याचं लाकूड इतकं मऊ की चाकू लोण्यासारखा फिरतो. जुना पांगारा पडला की दुसरा कुणी त्यावर चूल पेटवील. दामूभाऊ त्याची माणसं करत. बोटाएवढी माणसं. वर्षभर कोरायची आणि गणपतीत घरच्या मूर्तीपुढे मांडायची. शिंपी, पोस्टमन, टोपलीवाल्या मावश्या, सगळं गाव तिथे. लोक दर्शनाला येत, देवाला घाईघाईने हात जोडत आणि गुडघ्यांवर बसून स्वतःला शोधत.

"दामूभाऊ, माजं पोट येवढं हाय काय?" पोस्टमनने एकदा सर्वांसमोर विचारलं.

"नाय," दामूभाऊ शांतपणे म्हणाले. "अर्धा तांदूळ मी तुज्या बायकोकडं बघून कमी केला."

मी त्यांना माझी कंपनीची पट्टी दाखवली. मिलिमीटर कसे असतात ते समजावलं. त्यांनी ती नाकासमोर धरली, उलटी केली आणि परत दिली. "ही सायबाची. भूक लागली तर शिजवता येल काय?"

त्यांचा नियम एकच, पण लोखंडी. त्या वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलाच माणूस कोरायचा. मागच्या वर्षीची बाहुली यंदा चालत नसे. ती पेटीत जाई.

आणि दरवर्षी देवाच्या सर्वांत जवळ जी बाहुली असे, ती नानांची. नाना म्हणजे दामूभाऊंचे थोरले भाऊ, शेजारच्याच वाडीत राहणारे. सामाईक विहिरीवरच्या रहाटाच्या पाण्याची पाळी कुणाची, यावरून अकरा वर्षांपूर्वी दोघांत अबोला झाला होता. पुढे विहिरीवर इंजिन बसलं, रहाट मोडीत निघाला, पाणी दोघांनाही मुबलक झालं. अबोला मात्र तसाच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी रोज डोळ्यांनी पाहत होतो.

"बोलत नाही, मग त्यांना पुढे कशाला मांडता?" मी विचारलं.

दामूभाऊ खवळले. "बोलत नाय म्हंजे भाऊ नाय काय?"

मापं घेणं कुंपणाच्या फटीतून चाले. गंमत म्हणजे नानांना ते ठाऊक होतं. श्रावण लागला की एका सकाळी ते धुतलेला सदरा घालून कुंपणाजवळ येत आणि केळीचा एकच घड अर्धा तास न्याहाळत उभे राहत. इकडे दामूभाऊ तांदूळ धरून उकिडवे. दोघांपैकी एकही खोकत नसे. मला हसू आवरायचं नाही, आणि थोडा रागही यायचा.

मग एका वर्षी आषाढात नाना बांधावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा पालघरला शिक्षक होता, तो त्यांना घेऊन गेला. श्रावण आला, सरत आला, कुंपणापलीकडे कुणी उभं राहिलं नाही. गणपती दहा दिवसांवर आले आणि दामूभाऊंनी जाहीर केलं, "नानाबिगर मांडणी नाय. यंदा नाय तर कदीच नाय."

आधी आठवणीने कोरून पाहिलं. चार तुकडे वाया गेले. मी म्हटलं, पेटीतली जुनी बाहुली समोर ठेवा.

"माणूस काय शिळा भात हाय? गरम केला की झाला?"

"मग पालघरला जा की!"

यावर ते वाडीत निघून गेले. रविवारी मात्र तांदळाची डबी माझ्या हातात आली. पडलो तरी नाक वर, म्हणून जायचं मी!

नाना खाटेवर पडून होते. फार वाळले होते. मी दाराशी उभा राहून दाणा धरला, तशी त्यांनी मान वळवली.

"दाम्यानं धाडला काय? त्याला सांग, निजलेल्याचं माप गावत नाय."

तरी मी मापं लिहून आणली. वर माझी विद्या दाखवायला ट्रेसिंग पेपरवर नानांचं रेखाचित्र काढलं. दामूभाऊंनी ते उजेडात धरून पाहिलं. "रेघा बऱ्या हायत. पन नाना कुठं हाय यात?" मग मी नानांचा निरोप सांगितला. दोन दिवस ते चाकूला धार लावत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सदरा-टोपी घालून ते माझ्या दारात उभे. पिशवीत चाकू आणि पांगाऱ्याचा तुकडा. "सुट्टी काढ. बोलायचा नाय मी. बघेन, कोरेन, येन."

बोईसरपर्यंत एसटी, पुढे गाडी. वाटभर त्यांनी पिशवीची नाडी हातातून सोडली नाही.

नानांच्या खोलीत ते उंबऱ्याशीच बसले. दाणा काढला, हात लांब केला, डोळा मिटला. हात खाली आला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मिटलेल्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि उघड्यातूनही.

"देवाफुडं असा निजलेला मांडशील काय रे मला?" नानांनी छताकडे बघत विचारलं.

दामूभाऊंनी दाणा डबीत परत टाकला.

"नाय," दामूभाऊ म्हणाले. अकरा वर्षांतला पहिला शब्द.

"मग उठव."

दामूभाऊ उठले. मांडीवरचा चाकू, लाकूड, तांदळाची डबी, सगळं जमिनीवर सांडलं. भावाच्या बगलेत हात घालून त्यांनी त्याला इंचाइंचाने उभं केलं. नानांचा पाय काही टेकेना. त्यांनी सगळा भार धाकट्याच्या गळ्यात टाकला.

मी दाणे गोळा केले. "दामूभाऊ, तुम्ही धरून ठेवा. मी मोजू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सोड दाम्या," नाना धापा टाकत म्हणाले. "कंबर धरल तुजी."

"गुमान उभा ऱ्हा," दामूभाऊ म्हणाले.