दामूचा उधाणवीर

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की कंपनीतले सगळे डबे घेऊन धावायचे. दामू म्हात्रे मात्र आधी खिशातला ओला रुमाल काढून वर धरायचा, वारा कुठून येतोय ते पाहायचा, आणि मगच कुठे बसायचं ते ठरवायचा.

"वायुगळतीचा भोंगा नि जेवनाचा भोंगा, दोघांचा गळा एकच. काय सांगता येतंय?" तो म्हणायचा.

रुमाल कायम ओला, त्यामुळे पँटचा उजवा खिसा बारा महिने भिजलेला. नव्या माणसांचे भलतेच गैरसमज व्हायचे.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही दोघं रोह्याला एका रासायनिक कंपनीच्या ऑफिसात, आणि नदीपलीकडे अष्टमीत एकाच भाड्याच्या खोलीत. कुंडलिकेच्या पुलावरून दामू माझी बाही धरून बरोब्बर मधोमध चालायचा, कारण कडेला गेलं की पाणी दिसतं. मागून एसटी हॉर्न मारून थकायची. पण हटेल तर तो दामू कसला!

असा हा माणूस महाबली नायकाची गोष्ट लिहीत होता. नायकाचं नाव उधाणवीर. खाडीला उधाण आलं की तो छातीने पाणी अडवायचा. नाव झालं, पोशाख ठरला, पण पहिलं वाक्य काही केल्या पुढे सरकेना. गोष्ट सांगायची कुणी? 'मी' की 'तो'?

"'मी' म्हनून लिवलं, तर वाचनाऱ्याला आधीच कळतं, हा जगनार. मेलेला मानूस कुठं गोष्ट सांगतो? मग भीती कसली?"

"मग 'तो' म्हणून लिही."

"त्याला लिवनाऱ्याला सगळं ठाऊक पायजे. मला काय ठाऊक हाय?"

हा प्रश्न त्याने खानावळीच्या मावशींनाही विचारला. त्या म्हणाल्या, "आधी हे सांग, भात मी वाढू का तो वाढंल?"

एकदा त्याने धीर करून 'मी उधाणात उडी घेतली' एवढं लिहिलं, आणि स्वतःच अंगावर गोधडी घेऊन बसला. मला खिडक्या लावायला लागल्या.

पिठोरी अमावास्येला तो मला गावी घेऊन गेला. पेणहून पुढे, खाडीच्या काठी. घरात थोरला भाऊ आणि आई, एवढीच माणसं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. तेवढ्यात वाटेवरून कुणीतरी ओरडत गेलं, "खांड गेली! बांधाला खांड गेली!"

खाडीचं पाणी अडवणारा बांध फुटला होता. दादाने भरलं ताट सोडून फावडं उचललं. मी उठलो, तर म्हणाला, "पावन्या, तू बस. चिखलात रुतलास तर तुलाच काढायला मानूस लागंल."

दादा पावसात दिसेनासा झाला. दामूचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आता हा गोधडी शोधणार. तेवढ्यात आई बसल्या जागेवरून म्हणाली, "दामू, बघ रं."

दामू उठला, पडवीत जाऊन खांबाला धरून उभा राहिला आणि बोलायला लागला.

"दादा पोचला गो आये."

"व्हय? आनि पानी?"

"गुडघ्याला हाय. पेंढे टाकतान, वर चिखल. दादा मधी उभा हाय."

आवाज अगदी स्थिर. पुलावर माझी बाही धरणारा दामू तो हाच का, असं वाटलं. मी बांध बघायला त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, आणि अंगावर सरसरून काटा आला. समोर पावसाची पांढरी भिंत होती. बांध राहू द्या, अंगणातली चिंचसुद्धा दिसत नव्हती.

अंगणात पाणी शिरलं. गढूळ, खारट वासाचं. बघता बघता खालची पायरी बुडाली. कुठे पळायचं, तेही कळेना. दामूची नखं खांबात रुतली होती.

"आता हात वर केलान दादानं," तो सांगत होता. "ठीक हाय म्हनतो."

दुसरी पायरी बुडाली. तो थांबला नाही. कितीतरी वेळाने पावसातून एक चिखलाचा माणूस आला. त्याने फावडं भिंतीला टेकवलं आणि म्हणाला, "बुजवली. वाढ गो आये."

दामू तिथेच मटकन खाली बसला.

संध्याकाळी मी हळूच म्हणालो, "आये, दामूला तिथून बांध..."

"दिसत नाय. ठाव हाय मला." ती तांदूळ चाचपून निवडत होती. "ह्याचा बाप बांधावर ग्येला, तवा पन ह्योच सांगत व्हता. बाबा उबं हायत, बाबा हात करतान. तवा माजं डोलं चांगलं व्हतं. मानसं त्यांना उचलून घेऊन आली, तरी पोर बोलतच व्हतं. मी पन थांबवलं नाय."

त्यानंतर महिन्याभरात गोष्ट लिहून झाली. अष्टमीच्या खोलीत दामूने मला ती वाचून दाखवली. त्यात 'मी' होता, पण तो उधाणवीर नव्हता. तो पडवीत उभा राहून घरातल्यांना सांगणारा होता. उधाणवीर पाणी अडवायला गेलेला, आणि गोष्ट मध्येच थांबली.

मी विचारलं, "मग उधाणवीर परत येतो का?"

दामूने कागद नीट जुळवले.

"येतोय," तो म्हणाला. "अजून चालतोय तो."