पेटीधारक

खात्याच्या जुन्या मोटारीची फ्यूजपेटी सैल झाली, ही गोष्ट सर्वप्रथम ड्रायव्हरच्या लक्षात आली आणि त्याने ती साहेबांच्या निदर्शनास आणून दिली. इथेच त्याचं चुकलं.

पेटी डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला, एका लोखंडी पट्टीवर दोन स्क्रूंनी बसवलेली होती. गाडीचं वय झालं तसे स्क्रू कुठेतरी गळून पडले आणि पेटी स्वतःच्याच वायरींना लोंबकळू लागली. खड्डा आला की ती झोका घ्यायची, वायर ओढली जायची, आणि ब्रेक दाबला की कोरड्या काचेवर वायपर नाचायचे. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, दोन स्क्रू आणून मीच बसवतो."

"खात्याच्या गाडीत खाजगी स्क्रू?" साहेब दचकले. "वीज शाखेला सांगा."

वीज शाखेच्या प्रमुखाने विजेरी मारून पाहणी केली. "पेटी आमची, मान्य. पण पेटीला झालंय काय? ती सुटलीय पट्टीपासून. पट्टी लोखंडाची. यंत्र शाखेकडे जा."

यंत्र शाखेच्या प्रमुखाने पट्टीवर टिचकी मारली. "ठणठणीत आहे. पट्टी जागच्या जागी आहे. जागा सोडली ती पेटीने."

"आणि स्क्रू?" ड्रायव्हरने विचारलं.

"स्क्रू आहेत कुठे? नसलेल्या वस्तूची दुरुस्ती कशी करणार?"

अखेर दोन्ही शाखांनी संयुक्त पाहणी केली. पेटी सुस्थितीत आहे, पट्टी सुस्थितीत आहे, दोष फक्त दोघींच्या मधल्या अंतरात आहे आणि ते अंतर कुठल्याही शाखेच्या अखत्यारीत येत नाही, यावर दोघांचं एकमत झालं. एकमत झाल्याच्या आनंदात चहा झाला.

पुढे खात्याच्या एका माजी प्रमुखांची शोकसभा होती. सगळे मान खाली घालून स्तब्ध उभे असताना ड्रायव्हरने बाहेर गाडी सावलीत घेण्यासाठी डावीकडे वळवली. हॉर्न जो बोंबलायला लागला तो थांबेचना. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "उद्यापासून कुणीतरी ती पेटी हाताने धरून बसा!" ते ओरडले.

रागाच्या भरात बोलले, पण बोलले ते साहेब. त्यामुळे तो आदेश झाला. ड्रायव्हरचे दोन्ही हात आधीच स्टिअरिंगच्या कामी नेमलेले असल्याने 'फ्यूजपेटीधारक' असं नवं पद निर्माण करण्यात आलं.

ड्रायव्हरने घरी येऊन ही गंमत बायकोला सांगितली. ती हसली नाही. "माझा भाऊ कधीचा घरी बसून आहे. त्याचे हात काय वाईट आहेत?"

"अगं, दोन स्क्रूंचं काम आहे ते!"

"स्क्रूंना पोट असतं का?"

ड्रायव्हरने साहेबांकडे शब्द टाकला आणि मेहुणा नोकरीला लागला. तो डावीकडच्या सीटवर कमरेत वाकून, डोकं डॅशबोर्डखाली घालून बसे आणि पेटी अशी धरी, जणू हातात तान्हं मूल आहे. हॉर्न शांत झाला, वायपर शहाणे झाले. "दाजी, वळण घेताना आधी सांगत जा, मान अवघडते," एवढीच त्याची तक्रार. काही महिन्यांत त्याचं लग्नही ठरलं. मुलीकडच्यांना सांगितलं होतं, पक्की नोकरी आहे आणि बसून काम आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग साहेबांची बदली झाली आणि नव्या मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांना पुढच्या सीटवर माणसाची नुसती पाठ दिसली.

"हे कोण?"

"पेटीधारक, मॅडम," ड्रायव्हर म्हणाला.

"कसली पेटी?"

"फ्यूजची," डॅशबोर्डखालून आवाज आला. "नमस्कार, मॅडम."

मॅडमनी वाकून पाहिलं. "अहो, हे दोन स्क्रूंचं काम आहे!"

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून ड्रायव्हरला खरं तर आनंद व्हायला हवा होता. त्याला मेहुण्याचं ठरलेलं लग्न आठवलं. मॅडमनी घरून स्क्रू आणि पेचकस आणले, कुणालाही न विचारता गुडघ्यांवर बसून पेटी पट्टीवर घट्ट आवळली आणि हात झटकले. इतके महिने अडलेलं काम, चहा गार व्हायच्या आत झालं.

त्या संध्याकाळी मेहुणा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. त्या हातांचं आता काय करायचं, ते त्याला कळत नव्हतं. बायकोने ड्रायव्हरपुढे ताट ठेवलं आणि विचारलं, "मुलीकडच्यांना काय सांगू?" तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कार्यालय उघडण्याआधी, ड्रायव्हर गाडीत शिरला. पेचकस त्याच्याकडेही होता. स्क्रू निघाले. ते त्याने गटारात टाकले आणि रुमालाने कपाळ पुसलं.

मॅडम बसल्या. गाडी डावीकडे वळली. हॉर्न बोंबलला, वायपर नाचले, शिवाय आत्तापर्यंत कधी न पेटलेला मागचा दिवाही पेटला.

"पण मी तर घट्ट बसवली होती!" मॅडम म्हणाल्या.

"गाडी जुनी आहे, मॅडम," ड्रायव्हर गंभीरपणे म्हणाला. "स्क्रू धरत नाहीत हिला. माणूसच लागतो."

मॅडम ओशाळल्या. जुन्या व्यवस्थेमागे काही अनुभव असतो, असं त्यांनी बैठकीत मोकळ्या मनाने मान्य केलं. मेहुण्याला परत बोलावलं, आणि एकाच माणसाच्या मानेवर इतका भार नको म्हणून बदली धारकाचं आणखी एक पद मंजूर केलं.

ती जागा अजून रिकामी आहे. हे सगळं वाचून तुम्हाला संताप आला असेल, तर तो अगदी योग्य आहे. फक्त तुमच्या भाच्याचं शिक्षण किती आणि त्याला कमरेत वाकता येतं का, एवढं ड्रायव्हरच्या कानावर लवकर घाला. त्याच्याकडे बरीच संतापलेली माणसं आधीच येऊन गेली आहेत.