उमरेडचा एकच उमेदवार

वैभवनं समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचा कॉम्प्युटर प्रोग्राम फुकटात लिहून दिला, तो समाजसेवा म्हणून, असं तो सगळ्यांना सांगायचा. कसली समाजसेवा! खरं कारण होती मिनल. दोघं एकाच ऑफिसात होते. हा कोड लिहायचा, ती त्यातल्या चुका काढायची, आणि चुका काढता काढता दोघांचं जमलं. हा मेळाव्याचा कोडही तिनंच तपासून "चालते" म्हटलं होतं.

पण मिनलचे वडील, उमरेडचे चंद्रभानजी, पडले जुन्या वळणाचे. त्यांनी वैभवला बजावलं होतं, "मेळाव्यात पोरीचं नाव पुकारलं जाईन. तवा सगळ्या समाजासमोर हात वर करायचा अन् मागणी घालायची. नाई तर रामटेकचं स्थळ तयारच आहे."

रविवारी हुडकेश्वरचा हॉल खचाखच भरला. इतकी वर्षं अध्यक्ष ईश्वरदासजी वहीतून एकेका गावाची नावं वाचायचे, यंदा मोठा पडदा लागला होता. कुही झालं, भिवापूर झालं. वैभव स्टेजमागे लॅपटॉप धरून, शर्टाची कॉलर नीट करत बसला होता.

"आता उमरेड!" ईश्वरदासजी माइकवर म्हणाले आणि पडद्याकडे बघून थांबले. पडद्यावर लिहिलं होतं, उमरेड, उमेदवार एक. खाली उमरेडचे फॉर्म गोळा करणारे कवडूकाका. वय एकसष्ट. कानापर्यंत गेलेल्या पांढऱ्या मिशांसकट फोटो.

बायकांच्या बाजूनं मैनाबाई उठल्या. या कवडूकाकांच्या धर्मपत्नी. "नातवंडाईचा आजा झाला, अन् हा म्हातारा गुडघ्याले बाशिंग बांधून फिरून राहिला!"

कवडूकाका धावत स्टेजमागे आले. वैभवनं विचारलं, "काका, उमरेडचे बाकीचे कुठं गेले?"

"मले काय इचारतं? एक्केचाळीस फॉर्म म्या सोता भरले. पोरीईचे नंबर चारचौघांत काहून द्यायचे, म्हून सगळ्याईच्या फॉर्मवर माहाच मोबाइल नंबर टाकला."

"अन् तुमचा फॉर्म?"

"फॉर्मबिगर जेवणाचं कूपन भेटत नाई म्हणे. पाटोडीचा रस्सा आहे ना आज! मंग शेवटी माहाबी भरला."

वैभवनं कपाळाला हात लावला. डेटाबेसमधून नावं सगळी बरोबर येत होती. पण ती प्रोग्राममध्ये ठेवताना त्यानं डिक्शनरी वापरली होती. म्हणजे एकेका मोबाइल नंबराचा एकेक डबा आणि डब्यात एकच माणूस. त्याच नंबराचा दुसरा आला की पहिला गुपचूप बाहेर. अख्खं उमरेड असं एकामागून एक बाहेर पडलं होतं, मिनलसकट, आणि डब्यात उरले होते कवडूकाका.

"पाच मिनिटं द्या," म्हणून त्यानं घाईघाईनं डब्यात एका माणसाऐवजी अख्खी यादी मावेल अशी सोय केली. नावं परत आली. वैभवच्या जिवात जीव आला. फोटोंचा डबा वेगळा होता आणि तो तसाच, एकाच फोटोचा राहिला, हे मात्र घाईत त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"कुमारी अंजू," ईश्वरदासजी वाचू लागले. "वय चोवीस, रंग गोरा, बांधा नाजूक." वर कवडूकाकांच्या मिशा. हॉलमध्ये हशा पिकला. "कुमारी मयुरी, भरतकामाची आवड." पुन्हा त्याच मिशा. एक म्हातारबुवा हसता हसता खुर्चीवरून घसरले. कोणाचाच हात वर होईना. कसा होणार?

"कुमारी मिनल. आहे कोणाची मागणी?"

वैभवनं स्टेजमागून डोकावून पाहिलं. पुढच्या रांगेत त्याची आई, मामा, मावश्या. पडद्यावर कवडूकाका. आत्ता हात वर केला तर जन्मभर प्रत्येक लग्नात हा किस्सा निघणार. आणि नाही केला तर रामटेकचं स्थळ.

"नाई? मंग पुढचं नाव..."

"आहे!" वैभव दोन्ही हात वर करून स्टेजवर धावला. "माही मागणी आहे!"

"अगं बाई!" मैनाबाई किंचाळल्या. "माह्या नवऱ्याले सोड गा!"

हॉल हसून हसून नुसता कोसळला. चंद्रभानजी मात्र हसले नाहीत. ते उठले, पडद्याकडे बघितलं, मग वैभवकडे बघितलं. "हा फोटो पाहून बी ज्याचा हात खाली नाई आला, तो संसारात टिकन," ते म्हणाले. "लिहा गा ईश्वरदासजी. पसंत!"

जेवणाच्या पंगतीत मिनल त्याच्या शेजारी येऊन बसली. वैभव फुगलेलाच होता. "तूच तपासला होता ना कोड? इतकी मोठी चूक दिसली नाई तुले?"

"पहिल्याच दिवशी दिसली. काका सगळ्याईले एकच नंबर टाकते, हेबी ठाऊक होतं. कवडूकाकाले हात जोडून सांगितलं होतं, माहा फॉर्म सगळ्याईच्या शेवटी भरा म्हून. त्याईनं कूपनासाठी घोळ केला."

वैभवचा घास हातातच राहिला. "मंग मले सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतं ना. चूक तशीच राहिली, अन् माहा फॉर्म शेवटी असता, तर उमरेडची एकटी मीच दिसली असती तुले." तिनं रस्सा भुरकला. "अंजूचा फोटो पाहिला का तू?"

"नाई. तिलेबी मिशाच होत्या."

"मंग जमलं तर," मिनल म्हणाली आणि तिनं आपल्या ताटातली पाटोडी उचलून त्याच्या ताटात वाढली.